उन्हाळ्यात निघोज आणि वडगाव दर्या : क्रम उलटा करा, नाहीतर पोरं भाजतील

पुण्याहून एका दिवसात नैसर्गिक गुहा बघायच्या म्हणून जे व्हिडिओ फिरतायत ना, त्यात सगळे एकच क्रम सांगतात, आधी नगर जिल्ह्यातली वडगाव दर्याची गुहा आणि मग निघोजचे रांजणखळगे, म्हणजे नदीच्या खडकात पाण्याने कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे. मे महिन्यात हा क्रम साफ चुकीचा आहे. ज्याने तो सांगितला तो बहुतेक जानेवारीत जाऊन आला असणार.

दर्याची गुहा दरीत आहे, सावलीत आहे, भर दुपारीही तिथे बरं वाटतं. निघोजला कुकडी नदीचं पात्र म्हणजे नुसता काळा बेसॉल्ट खडक, एक झाड नाही. आम्ही दीडच्या सुमारास तिथे उतरलो. धाकट्याने चप्पल काढून हात टेकून खाली डोकवायला घेतलं आणि किंचाळून उठला, तळहात लालबुंद. आई (सासूबाई) देवळाच्या सावलीतून बाहेरच आल्या नाहीत, आणि बरोबर केलं त्यांनी. त्या खडकातून येणाऱ्या झळीने माझं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.

म्हणून सांगते, पुण्यातून पहाटे पाचला निघा, शिरूरवरून निघोज पंचवीसएक किलोमीटर, साडेसात-आठला खळग्यांवर पोचा आणि नऊला तिथून हला. बघण्यासारखं आहे हे नक्की, आणि उन्हाळ्यात पाणी उतरतं म्हणूनच खळगे दिसतात, पावसाळ्यात सगळं पाण्याखाली. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरागरा फिरून हजारो वर्षांत खडक कोरत गेले, काही खळग्यांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून पडलेत. पण काठाला कठडा नाही, शेवाळ आहे, आणि बरेच खळगे तोंडाशी अरुंद नि आत रुंद, रांजणासारखेच, म्हणजे पडलेल्या माणसाला धरून वर यायला काही नाही. पोहता येत असलं तरी उतरायचं नाही. वर येडगावचं धरण आहे, पाणी सोडलंय का ते गावात विचारा मगच पात्रात जा. पोरांचा हात सोडू नका, सेल्फी गेली खड्ड्यात.

पार्किंगचं एक. एकाने गाडी लावताना शंभर मागितले, पावती नाही, बोर्ड नाही. पावती मागितल्यावर पन्नासवर आला आणि आम्ही तिथेच उभे राहिल्यावर वीस. वीसच्या वर देऊ नका.

मग तासाभराचा रस्ता धरून, कान्हूर पठारच्या बाजूने वडगाव दर्या. गुहा म्हणजे कार्ला-भाजे नाही, इथे माणसाने छिन्नी लावलेली नाही. आणि आंध्रातल्या बोर्रा गुहेसारखं आत आत चालत जायचंही नाही, हे पोरांना आधीच सांगा. आमच्याकडे व्हिडिओ बघून टॉर्च, हेल्मेट सगळं घेतलेलं, सगळं गाडीतच राहिलं. छताला लोंबणारे आणि खालून वर येणारे चुन्याचे खांब आहेत, तेच बघायचे. सह्याद्रीच्या काळ्या दगडात ही गोष्ट फार विरळा, पावसाचं पाणी खडकातून झिरपताना त्यातला चुना विरघळवतं, इथे बाहेर हवेत थेंब लोंबला की तो चुना मागे सोडतो. एका टोकाशी थेंब धरत होता, मोठी त्याच्याखाली तोंड वर करून उभी, पडतच नव्हता, पाच मिनिटांनी टपकन तिच्या कपाळावर. मला तर तिथून हलावंसंच वाटेना! हात लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथे थर धरत नाही. दर्याबाईचं ठाणं आहे, कुंकू वाहायचं ते देवीला वाहा, खांबांना फासू नका, कळकळीची विनंती.

पायऱ्या आहेत, गुडघे धड असतील तर काही नाही. त्रास माकडांचा. हातात पिशवी दिसली की संपलं, आमची चिवड्याची पिशवी गेली आणि नणंदेच्या हातावर ओरखडा. खाणं गाडीत, काचा बंद, पर्स पुढे धरून. माकडांना खायला घालू नका, त्यानेच ती अशी झालीत.

रांजणगावला महागणपतीचं दर्शन, वाटेत पिठलं-भाकरी, ते सगळं छानच झालं. माणशी तीन लिटर पाणी घ्या, टोपी, ग्रिप असलेले बूट, खडकावर चप्पल नकोच. रविवारी गेलात तर दर्यातून तीनच्या आत निघा, उशीर केलात तर पुण्यात शिरताना वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये जे अडकाल ते रात्रीचं जेवण तिथेच होईल.