आत्म्याच्या फळावरील नऊ उपदेश आणि दृष्टान्तांची वही : माझा अनुभव

बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील आत्म्याच्या फळावर, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या नऊ गुणांवर, सलग नऊ रविवार उपदेश करण्याची जबाबदारी आमच्या पाळकांनी माझ्यावर सोपवली, तेव्हा मला वचनाच्या अभ्यासापेक्षा दृष्टान्तांची काळजी अधिक वाटली. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन हे शब्द उपासकांनी इतक्या वेळा ऐकलेले असतात, की एखादा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिल्याशिवाय त्यांतला एकही शब्द सोमवारपर्यंत मनात टिकत नाही.

माझ्याकडे एक जुनी वही होती. अनेक वर्षे ऐकलेले, वाचलेले आणि इतर उपदेशकांकडून उचललेले दाखले मी तिच्यात उतरवून ठेवले होते, आणि पहिले दोन रविवार त्यांच्यावरच निभावले. दुसऱ्या उपासनेनंतर एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, "दाखला मनाला भिडला, पण हे नेमके कुठे आणि केव्हा घडले?" मला उत्तर देता आले नाही. दृष्टान्त कल्पित असण्यात काहीच गैर नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट प्रभू येशूने दृष्टान्त म्हणून सांगितली आणि ऐकणाऱ्यांनीही ती तशीच ऐकली. परंतु जे घडले की नाही हे मला ठाऊक नाही, ते घडलेले म्हणून सांगायचे आणि त्याच व्यासपीठावरून प्रामाणिकपणाचा उपदेश करायचा, हे मला फार टोचले.

त्या आठवड्यात मी वही पडताळायला बसलो. ज्या दाखल्यांना ठिकाण, काळ किंवा माणसाचे नाव नव्हते, त्यांवर रेघ मारली. जवळजवळ अर्धी वही गेली. उरलेल्यांत एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूचा दाखला होता. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी धावायचे नाही म्हणून त्याने 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील शंभर मीटरची शर्यत सोडली, हे मी अनेकदा सांगितले होते, आणि दर वेळी असेही सांगितले होते, की प्राथमिक फेरी रविवारी आहे हे त्याला अगदी ऐन वेळी कळले. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधीच ठाऊक होते. त्याने शांतपणे नकार कळवला, टीका सोसली आणि चारशे मीटरचा सराव सुरू केला. 6 जुलैच्या रविवारी तो शंभर मीटरसाठी मैदानात उतरला नाही, आणि 11 जुलैला त्याने चारशे मीटरची अंतिम शर्यत 47.6 सेकंदांत जिंकली.

मला हा खरा वृत्तान्त माझ्या जुन्या कथेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटला, कारण ऐन वेळचे धैर्य क्वचितच कोणाच्या वाट्याला येते, पण घेतलेला निर्णय महिनोन्महिने, कोणी पाहत नसताना, रोजच्या सरावात निभावणे हे प्रत्येकाच्या आयुष्यात येते. पुढे मिशनरी म्हणून चीनला गेलेला लिडेल दुसऱ्या महायुद्धात तेथील वेइशिएनच्या जपानी नजरकैदेच्या छावणीत मुलांना विज्ञान शिकवत असे आणि त्यांचे खेळ घेत असे. रविवारी पंच नसला की मुले भांडतात, हे पाहून तो त्या दिवशीही पंच म्हणून उभा राहू लागला. 1945 मध्ये त्याच छावणीत त्याचा मृत्यू झाला. रविवारच्या शर्यतीला नकार देणारा आणि रविवारीच मुलांच्या खेळात उभा राहणारा, असे दोन्ही मी उपदेशात ठेवले. ममतेवर त्याहून चांगला दाखला मला सापडला नसता.

सहनशीलतेच्या रविवारी मात्र माझ्याकडून मोठी चूक झाली होती. आमच्याच मंडळीतील एक ताई कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या जावेची सेवा करतात. त्यांचे नाव न घेता, पण त्यांना न विचारता, मी त्यांच्याविषयी बोललो. सर्वांनी त्यांना ओळखले. त्या मान खाली घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातातील गीतांचे पुस्तक शेवटच्या गीतालाही उघडले गेले नाही. मी क्षमा मागायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वाईट काहीच बोलला नाहीत. पण आता भेटेल तो माझ्या सहनशीलतेचे कौतुक करतो, आणि काल मी तिच्यावर किती ओरडले हे मला त्याला सांगता येत नाही." यावर मला काही बोलता आले नाही.

त्यानंतर मी नाथान संदेष्ट्याचा दृष्टान्त पुन्हा वाचला. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावली, तेव्हा नाथानाने त्याला गरीब माणसाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. त्या गरीब माणसाची मेंढी त्याच्या घासातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. एवढ्या तीन गोष्टींनी दावीद राजाला संताप आला. दया किंवा न्याय यांविषयी नाथानाने त्या कथेत एक अक्षरही घातले नाही. "तो मनुष्य तूच आहेस" हे तो नंतर म्हणाला, आणि ते त्या एकट्यालाच म्हणाला.

विश्वासूपणाच्या रविवारसाठी मी आमच्या खजिनदारांकडे गेलो. एकदा दानाच्या एका पाकिटावर लिहिलेल्या रकमेपेक्षा आत अधिक पैसे निघाले होते. पाकिटावर नाव नव्हते. त्यांनी जादा रक्कम वेगळी ठेवली, हिशेबाच्या वहीत तिची स्वतंत्र नोंद केली आणि सलग चार रविवार उपासनेच्या शेवटी उभे राहून विचारले. कोणीच पुढे आले नाही, तेव्हा मंडळीच्या पंचांपुढे ती नोंद ठेवली. हे सांगू का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी आधी लिहून आणायला सांगितले. मी लिहून नेले. त्यांनी चश्मा लावून दोनदा वाचले, रविवारांची संख्या तपासली, खिशातले पेन काढले आणि "ते अत्यंत विश्वासू गृहस्थ आहेत" या वाक्यावर सरळ रेघ ओढून कागद मला परत दिला. त्या रविवारी मी तो दाखला त्या वाक्याविनाच सांगितला.