शुअर ना?

शुअर आणि सर्टनमध्ये फरक काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या इंग्लिशच्या क्लासमध्ये प्रत्येक बॅचला एकजण तरी विचारतोच, मॅडम, शुअर आणि सर्टन एकच ना, मग दोन शब्द कशाला? म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

आपण दिवसभर शुअर शुअर करत असतो, "उद्या येतोयस ना?" "हो हो, शुअर", आणि मग तो येत नाही ते सोडा. तर हा शब्द मूळचा लॅटिन, सेक्युरुस. 'से' म्हणजे विना, 'कुरा' म्हणजे काळजी, घोर. म्हणजे काय, तर निश्चिंत! निश्चित नाही हं, निश्चिंत, टिंबासकट. फ्रान्समध्ये पोचेपर्यंत मधली अक्षरं झिजली, 'सेउर' उरलं, आणि १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून त्यांच्या फ्रेंचमधून जे ढीगभर शब्द इंग्रजीत शिरले त्यातलाच हा एक. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी तोच लॅटिन शब्द पुस्तकातून परत उचलला, तो सिक्युअर. सख्खी भावंडं, एक बाजारात हिंडून झिजलेलं, दुसरं कपाटात राहून कोरं करकरीत.

(स्पेलिंगमध्ये एस आणि उच्चार श का, तर आधी लोक 'स्यूर'सारखं काहीतरी म्हणायचे, स आणि य घाईत म्हणून बघा, श होतोच. शुगरचंही तेच.)

इन्शुरन्समध्येही हाच शुअर बसलाय. माझा मामा एलआयसीचा एजंट, त्याच्या रेक्झिनच्या बॅगेवर ते दोन हात, मधे ज्योत, आणि खाली योगक्षेमं वहाम्यहम्, गीतेच्या नवव्या अध्यायातलं. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत वाचायचे. तुझा भार मी वाहतो, तू घोर करू नकोस. ज्याने निवडलं त्याला लॅटिन येत असो नसो, अर्थ बरोब्बर बसलाय.

सर्टनचं खानदान वेगळं. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ चाळणे, चाळून वेगळं करणे. आई ज्वारीचं पीठ चाळते तेव्हा चाळणीला दोन थापट्या मारते, पीठ खाली, कोंडा वर, आणि मग तो कोंडाही बोटाने चिवडून बघते, किडाबिडा नाही ना. हे सर्टन. शुअर म्हणजे मनाला घोर नाही एवढंच, चाळलंय की नाही ते कोणी विचारलंय!

रोजच्या इंग्रजीत हा फरक कोणी फार पाळत नाही, आय ॲम शुअर, आय ॲम सर्टन, दोन्ही चालतं. पण 'इट इज सर्टन दॅट' म्हणतात, 'इट इज शुअर दॅट' सहसा म्हणत नाहीत. मी पोरांना लक्षात ठेवायला सांगते की 'इट'ला मनच नाही, तर निश्चिंत कोण होणार? लगेच एखादा हुशार 'इट इज शुअर टू रेन' काढतो, तेही बरोबर असतं, मग मी विषय बदलते.

ॲक्युरेटमध्येही तीच कुरा आहे बरं का, पण तिथे काळजी घेऊन केलेलं. म्हणजे ॲक्युरेट काळजीसकट आणि शुअर काळजीविना. आणि इंग्रजी केअर यांच्या नात्यातला नाहीच, नुसता तसा वाटतो.

आपली खात्रीही मनातलीच, फारसीतून आलेली. खातिर म्हणजे मन, खातिरजमा म्हणजे मन गोळा होऊन ठिकाणावर येणं. पण आता "खातरजमा करून घ्या" असं कोणी म्हटलं की आपण कागद काढून तपासायलाच बसतो.