पाच मिलिग्रॅम

गोळ्यांची स्ट्रिप अकरा दिवस फ्रिजवर पडून होती, लाइट बिलाखाली. एस्सिटालोप्राम, घबराटीच्या झटक्यांवरची गोळी, ५ मिलिग्रॅम. रोज रात्री हातात घ्यायचे, मागचा चंदेरी कागद नखाने चाचपायचे आणि परत ठेवून द्यायचे.

गंमत बघा. ठाणे-दादर लोकलमध्ये छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता मेलेच असं वाटतं. ईसीजी दोनदा नॉर्मल. आणि मला धडकी भरायची ती त्यावरच्या गोळीची! साइड इफेक्ट वाचून वाचून तर गोळी न घेताच मळमळायला लागलं होतं.

डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. सुरुवातीला बेचैनी उलट वाढू शकते, म्हणून कमी डोस. फरक पडायला काही आठवडे लागतात. आणि मनाने बंद करायची नाही. माझ्या डोक्यात राहिलं फक्त ‘वाढू शकते’.

शेवटी आईला फोन लावला. ती पंधरा वर्षं थायरॉइडची गोळी घेतेय. “घे, आणि फोन ठेवू नकोस,” म्हणाली. वरणभात खाऊन साडेनऊला घेतली. मग चाळीस मिनिटं मेथीचा भाव, मावशीचा गुडघा, शेजारच्यांची गळती. मी गुपचूप मनगटावर बोट ठेवून होते.

“नाडी मोजतेयस ना गं?”

“नाही.”

“किती आली?”

“अठ्ठ्याऐंशी.”

आज नववा दिवस. तोंड कोरडं पडतं, जांभया तर विचारू नका, मीटिंगमध्ये लाज जाते. काल घाटकोपरला पुन्हा धडधडलं. उतरले नाही मात्र.