खालचा आकडा

"हे बघा, ९७! फुप्फुसं ठणठणीत आहेत," म्हणत काकांनी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर माझ्यापुढे धरलं. करोनापासून हे यंत्र घरोघरी आलंय आणि घरोघरी त्यावरचा एकच आकडा वाचला जातो. त्याच्या खाली नाडीचा आकडा असतो. त्या दिवशी तो ४४ होता.

मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. पाहुण्यांना माझी ओळख "मसाजवाल्या मॅडम" अशी करून दिली जाते. चौदा वर्षांत ती दुरुस्त करणं मी सोडून दिलंय. काका ७८ वर्षांचे, राहायला सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. एके काळी दर रविवारी सिंहगड चढणारा हा माणूस आता भाजीची पिशवी घेऊन वर येताना प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभा राहायचा. "पायांत ताकद येऊ दे" म्हणून मुलाने मला बोलावलं होतं. दम लागण्याचं निदान घरात आधीच झालेलं: वय.

पहिल्या दिवशी खुर्चीची चाचणी घेतली. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. या वयाच्या पुरुषाने निदान ११ वेळा तरी उठावं. काका सहा वेळा उठले. मग नेहमीचे मांड्यांचे, पोटऱ्यांचे व्यायाम. तीन आठवड्यांनी सहाचे सात झाले आणि दम होता तिथेच राहिला.

म्हणून त्या दिवशी ४४ दिसल्यावर यंत्र बाजूला ठेवलं आणि मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणारे पुष्कळ आहेत; संथ नाडीत एका ठोक्याची चूक चौपट होते. ४४च भरली. मग एकच मजला खाली नेलं आणि सावकाश वर आणलं. कपाळावर घाम, वाक्याचे तुकडे पडायला लागलेले. नाडी ४८. एवढ्या श्रमाला ती नव्वदीच्या आसपास जायला हवी होती. पाय रक्त मागत होते आणि हृदय वेग वाढवायलाच तयार नव्हतं.

गोळ्यांचा डबा पुन्हा मागितला. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, लहान डोस, कित्येक वर्षं चालू. नाडी संथ करणारंच औषध, पण दम तर अलीकडचा.

"अजून काही घेता?"

"काही नाही."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, ते डोळ्यांत घालता ते?"

"ते काय औषध आहे का!"

बाटली देवघरात हळदीकुंकवाच्या शेजारी होती, कारण संध्याकाळचा थेंब दिवा लावून झाला की घालायचा. टिमोलॉल. काचबिंदू दिवाळीत निघाला होता. दम कधीपासून, हे काकूंनी बोटांवर मोजलं: "तुळशीचं लग्न झालं, त्यानंतरच."

टिमोलॉल आणि मेटोप्रोलॉल एकाच घराण्यातली. डोळ्यात अख्खा थेंब मावतच नाही. उरलेला अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथल्या अस्तरातून रक्तात जातो. गोळीचा बराच भाग यकृत निकामी करतं, थेंब मात्र यकृताला वळसा घालून थेट हृदयापर्यंत पोचतो. म्हणून तर थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरायचा असतो. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांची फाइल वेगळी, बीपीची वेगळी, आणि दोन्ही डॉक्टरांनी "काय काय चालू आहे?" असं विचारलं तेव्हा काकांनी गोळ्याच तेवढ्या सांगितल्या.

औषध बदलणं माझ्या हातात नाही. थेंब मनाने बंद करणंही धोक्याचं, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. नाडीचे आकडे, वेळ आणि दोन्ही औषधांची नावं चिठ्ठीवर लिहून मुलाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्यायला लावलं. फोनवर एका डॉक्टरांनी "तुम्ही फिजिओ ना?" असं ज्या सुरात विचारलं, तो सूर अजून कानात आहे. पण ईसीजी त्याच संध्याकाळी झाला आणि दुसऱ्या दिवशी थेंब बदलले.

दोन आठवड्यांनी नाडी ६६, आणि मजला चढून आल्यावर ९२. काका तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाच थांबून आले आणि वर येऊन मला सिंहगडाची गोष्ट पुन्हा सांगितली. खुर्चीवरून मात्र आठच वेळा उठता आलं. बसून काढलेल्या महिन्यांत मांड्या झिजल्या, त्या काही थेंब बदलून भरणार नाहीत.

परवा माझी वही काढली. पहिल्या भेटीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "नाडी ५२ – गड चढणारा माणूस, ठीक." त्याच्या वरच्याच ओळीत, तेही माझ्याच अक्षरात: "सिंहगड सहा वर्षांपूर्वी बंद."