हेप्सिडिन मोजताना

पुण्यातील एका प्रयोगशाळेत स्त्रियांमधील रक्तक्षयावर काम चालू असताना हेप्सिडिन मोजण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. एलायझा, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने करायच्या चाचण्या, माझ्या हातातल्या होत्या, परंतु या चाचणीचे निम्मे काम छोट्या खणांच्या प्लेटला हात लावण्यापूर्वीच करावे लागते, हे लवकरच ध्यानात आले.

हेप्सिडिन हे यकृतात तयार होणारे अवघ्या 25 अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. 2000 आणि 2001 साली ते जिवाणू व बुरशी यांना मारणारे पेप्टाइड म्हणून नोंदले गेले. शरीरातील लोहाच्या व्यवहारावर त्याचाच अंकुश असतो, हे त्यानंतर उमगत गेले. पेशींतून लोह बाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या प्रथिनाला ते चिकटले की ते प्रथिन नष्ट होते, आणि मग आतड्यातून लोह रक्तात येणे मंदावते व जुन्या रक्तपेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींतला लोहाचा साठाही तिथेच अडकतो. शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढते, लोहाची कमतरता असली की घटते. म्हणून तर आम्हाला ते मोजायचे होते.

पहिली अडचण वेळेची होती. हेप्सिडिन सकाळी कमी असते आणि दुपारकडे वाढत जाते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या. सकाळची घरे आटोपून त्या मोकळ्या होत त्या दुपारीच, आणि बुडालेल्या कामाचे पैसे कापले जात असताना “सकाळी उपाशीपोटी या” असे त्यांना सांगणे मला रास्त वाटेना. अखेर त्यांच्या वस्तीजवळच, त्या कामाला निघण्यापूर्वी रक्त घेण्याची सोय केली. लोहाची गोळी घेतल्यावरही हेप्सिडिन काही तास चढे राहते. त्यामुळे “ताई, शेवटची गोळी कधी घेतलीत?” हा प्रश्न फॉर्मवर आला. त्यावर एका मावशींनी, “कुठली, ती काळं शी करणारी? ती मी कधीच सोडली,” असे उत्तर दिले, आणि ते मी जसेच्या तसे नोंदवून ठेवले.

हे पेप्टाइड प्लास्टिकलाही चिकटते. सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) एका नळीतून दुसरीत करीत गेले तर प्रत्येक वेळी थोडे गळते, म्हणून कमी चिकटणाऱ्या नळ्यांत छोटे छोटे भाग करून ते उणे 80 अंशांवर ठेवले आणि प्रत्येक भाग एकदाच वितळवला.

आमचे किट स्पर्धात्मक पद्धतीचे होते. नमुन्यातले हेप्सिडिन आणि किटमधले, रंग उमटवण्यासाठी खूण म्हणून बायोटिन जोडलेले हेप्सिडिन प्लेटवरच्या मोजक्या प्रतिपिंडांसाठी, लोकलच्या डब्यातल्या जागेसाठी होते तशी, आपसात झुंजतात. त्यामुळे निकाल उलटा वाचावा लागतो: नमुन्यात हेप्सिडिन जितके जास्त, तितका रंग फिका. शेवटी आम्ल घातल्यावर निळ्या खणांचे पिवळे होतात आणि 450 नॅनोमीटरवर वाचन घेतले जाते. एप्रिलच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान सांभाळणे जिकिरीचे होते. कडेचे खण मधल्या खणांच्या आधी तापतात व सुकतात, म्हणून तिथे रुग्णांचे नमुने मी ठेवलेच नाहीत. प्रत्येक नमुना दोन खणांत लावला आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्याची चाचणी पुन्हा केली.

किट निवडताना हेप्सिडिनच्या पूर्वरूपाला मोजणारी किटे मी बाजूला ठेवली, कारण तो आकडा लोहाच्या स्थितीबद्दल फारसे काही सांगत नाही. काही प्रतिपिंड 20 आणि 22 अमिनो आम्लांच्या तोकड्या रूपांनाही पकडतात. निरनिराळ्या पद्धतींचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत, ते यामुळेही. त्यामुळे परदेशातील शोधनिबंधातली मर्यादा उचलून आमच्या आकड्यांना लावणे मी नाकारले, यावर बैठकीत बराच वाद झाला तरीही. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय तो आकडा वाचायचा नाही, असे शेवटी ठरले. बायकांच्या हाती दिलेल्या अहवालात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एवढेच छापले; हेप्सिडिनचा रकाना रक्त घेतल्याच्या वेळेसह अभ्यासाच्या नोंदवहीत राहिला.