तुम्ही विचारलंत म्हणून: गराज सेलमधली सगळ्यात भारी खरेदी

आमच्याकडे ओहायोत भारतातून पाहुणे आले किंवा इथे नवीन बिऱ्हाड मांडलेली मुलंमुली जेवायला आली की दोन प्रश्न ठरलेले. गराज सेलमध्ये आजवर मिळालेली सगळ्यात भारी वस्तू कुठली, हा पहिला. दुसरा जरा चाचरत विचारतात, की लोकांनी वापरलेलं घरात आणायला कसंतरी नाही का होत? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शुक्रवार-शनिवारी सकाळी लोक गराजचं शटर उघडून ड्राइव्हवेवर टेबलं मांडतात, घरातलं नको असलेलं सगळं त्यावर, प्रत्येकावर छोटं स्टिकर, २५ सेंट, १ डॉलर, ५ डॉलर. चौकात पुठ्ठ्याची पाटी, बाण काढलेला. घर सोडून चाललेत तर मूव्हिंग सेल, आणि घरातलं म्हातारं माणूस गेलं की इस्टेट सेल, त्यात मात्र अख्खं घर उघडं असतं, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरपर्यंत.

तर माझी सगळ्यात भारी खरेदी म्हणजे ३ डॉलरचा बिडाचा तवा. त्याला कडा आहेत आणि दांडा आहे, इथे स्किलेट म्हणतात, पण माझ्या घरात तो तवाच. गंजून लाल झालेला होता, खिळ्यामोळ्यांच्या डब्याशेजारी पडलेला. उलटा केला तर तळाला ‘वॅग्नर वेअर सिडनी’ आणि खाली ‘ओ’, म्हणजे ओहायो. हे सिडनी ओहायोतल्याच डेटन शहराच्या उत्तरेला आय-७५ महामार्गावरचं गाव, तिथे १८९१ मध्ये वॅग्नर भावांनी बिडाच्या भांड्यांचा कारखाना काढला होता. त्या काळची वॅग्नरची काय किंवा पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या ग्रिसवोल्ड कंपनीची काय, भांडी आतून मशीनवर घासून काचेसारखी गुळगुळीत केलेली असायची, आजची बहुतेक वाळूच्या साच्यातून निघाली की तशीच खरबरीत विकतात आणि वजनालाही जड. हा फरक तुम्हाला घावन घालताना कळतो. पीठ ओतलं, झाकण ठेवलं, कडा सुटल्या की अख्खं घावन सरकत ताटात येतं. आणि थालीपीठ तर काय सांगू, मधे भोक पाडून तेल सोडलं की जो खरपूस वास सुटतो तो नॉनस्टिकवर मी आजवर कधी घेतलेला नाही.

गंजाला घाबरू नका हो. स्टीलच्या घासणीने घासायचं, हट्टी गंज असेल तर पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून थोडा वेळ बुडवायचं, धुऊन लगेच कोरडं करायचं, मग तेलाचा हात फिरवून जवळजवळ सगळं तेल पुसून काढायचं (इथेच लोक चुकतात, तेल जास्त राहिलं की तवा चिकट होतो) आणि ओव्हनमध्ये उलटा ठेवून साधारण २३० सेल्सियसला तासभर, असं तीन-चार वेळा. घाबरायचं ते तड्याला. बोटाने टिचकी मारा, घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर घेऊ नका, तिथेच ठेवा. सपाट फरशीवर ठेवून फिरवून बघा, गरगर फिरला तर तळ फुगलाय, गॅसवर चालेल पण काचेच्या शेगडीवर नाही. आणि काही लोक जुन्या तव्यात मासेमारीचे गळ जड करायला शिसं वितळवायचे, त्यामुळे कुठून आला माहीत नसेल तर शिशाच्या टेस्टचं किट मिळतं ते वापरा, त्यात कंजुषी करू नका.

दुसरी वस्तू मला तितकीच प्रिय. एका टेबलावर सात खळग्यांचं बिडाचं जड पात्र, विकणाऱ्या बाई म्हणाल्या बहुतेक अंड्यांसाठी असावं. मला लांबूनच दिसलं होतं, अहो आप्पेपात्र! डेन्मार्कचे लोक त्यात ऍबलस्किव्हर नावाचे गोल गोड गोळे करतात, तिकडून आलेल्या कुटुंबांबरोबर ती पद्धत अमेरिकेत आली, आणि गंमत म्हणजे तेही गोळा उलटायला विणकामाची सुई वापरतात, जशी माझी आजी वापरायची. खळगे आपल्यापेक्षा मोठे, त्यामुळे रव्याचे गोड आप्पे चांगले टपोरे होतात, फक्त आच मंद ठेवावी लागते. २ डॉलर दिले. त्या सेलमध्ये माझ्या आधी कितीतरी जण त्या टेबलावरून गेले असतील.

माझं म्हणणं हेच आहे बघा, स्वस्त सगळ्यांनाच दिसतं, त्या स्टिकरवर लिहिलेलंच असतं, पण वस्तू ओळखणारा लागतो. पेपरात येतात त्या मोठ्या गोष्टींतही हेच आहे. न्यूयॉर्क राज्यात एका कुटुंबाने २००७ मध्ये गराज सेलमध्ये ३ डॉलरला एक पांढरं वाडगं घेतलं, कित्येक वर्षं ते दिवाणखान्यात शोभेला होतं, मग कुणाला तरी दाखवलं तेव्हा कळलं की ते चीनमधल्या साँग राजवटीतलं, हजारेक वर्षांपूर्वीचं. २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात ते २२ लाख डॉलरच्या वर गेलं. याउलट कनेटिकटमध्ये न्यू हेवनजवळ ज्याने यार्ड सेलमध्ये (म्हणजे अंगणात मांडलेला गराज सेलच) ३५ डॉलरला निळ्या फुलांचं वाडगं घेतलं त्याला बघताक्षणी शंका आली, त्याने लगेच तज्ज्ञांना फोटो पाठवले, ते चीनच्या मिंग राजवटीतलं निघालं आणि २०२१ मध्ये ७ लाख २१ हजार ८०० डॉलरला विकलं गेलं. मला चिनी मातीतलं काही कळत नाही. मला बीड कळतं, पितळ कळतं, शिवणाची मशीन कळते, म्हणून मला तेच सापडतं, आणि तुम्हाला जे कळतं ते तुम्हाला सापडेल.

मशीनवरून आठवलं, सिंगर २२१, इथे फेदरवेट म्हणतात. १९३३ पासून निघालेली काळी चिमुकली मशीन, ॲल्युमिनियमची, जेमतेम पाच किलो. इस्टेट सेलच्या शेवटच्या दिवशी सगळं निम्म्या किमतीत असतं तेव्हा मला ४० डॉलरला मिळाली, एरवी चांगल्या अवस्थेतली काही शे डॉलरला जाते. ज्यांची होती त्या आजी आयुष्यभर क्विल्ट शिवायच्या, त्यांची मुलगी बॉबिनची डबी शोधायला तळघरात गेली आणि येताना कापडाच्या तुकड्यांची पिशवीही घेऊन आली, पैसे घेतले नाहीत. ते तुकडे आणि माझ्या आईच्या दोन जुन्या साड्या मिळून गोधडी केली. आज बाजारात मिळणारी साधी सुई त्या मशीनला चालते, तेलाचे थेंब दिले की टाका इतका सरळ पडतो की बघत राहावं.

उलट ज्याची हवा आहे ते नेहमी मोलाचं असतं असं नाही. कॉर्निंगवेअर नावाच्या ब्रँडची निळ्या फुलांची पांढरी भांडी, १९५८ पासूनची, नेटवर हजारो डॉलर सांगतात, प्रत्यक्षात ती ढिगाने बनली आणि सेलमध्ये चार-पाच डॉलरला सहज मिळतात. वापरायला घ्या, सुंदर आहेत, विरजण लावायला तर फारच छान, पण श्रीमंत व्हायला घेऊ नका.

आता दुसरा प्रश्न. मला अजिबात कसंतरी होत नाही. आपल्या आईआज्यांची भांडी आपण वापरतोच ना, ही दुसऱ्या कुणाच्या आज्यांची. ज्याने तीस-चाळीस वर्षं नीट ठेवलं त्याचे मी मनापासून आभार मानते. मात्र काही गोष्टींना मी हात लावत नाही: गादी (ढेकूण), हेल्मेट आणि लहान मुलांची कारसीट, कारण आधी अपघातात सापडलीत का ते वरून दिसत नाही, आणि बाजू खाली सरकणारा जुना पाळणा, २०११ पासून तो विकायलाच बंदी आहे कारण बाळं त्यात अडकून दगावलीत. इथे नव्याने बाळ झालेल्यांना हे मी आवर्जून सांगते.

घासाघीस करावी का असंही विचारतात. करावी, पण सकाळी आठला पहिल्या गिऱ्हाइकाने करू नये, दुपारी बारानंतर करावी, आणि चार वस्तू एकत्र घेऊन एक आकडा सांगावा. लहान मुलं स्वतःची खेळणी विकत बसली असतील तर सांगतील ते द्यावेत.

आणि ऑगस्टमध्ये येणार असाल तर पहिल्या गुरुवारपासून चार दिवस आमच्याकडेच राहा. मिशिगनपासून अलाबामापर्यंत जवळपास ७०० मैलांच्या रस्त्यावर यार्ड सेल लागतात, १९८७ मध्ये टेनेसीत सुरू झालेला प्रकार आहे, त्यातला मोठा पट्टा हायवे १२७ वर आमच्या पश्चिम ओहायोतून जातो, ग्रीनव्हिल, ईटन, हॅमिल्टन. सुट्टे डॉलर, पाण्याच्या बाटल्या आणि टोपी घ्या, डिकी रिकामी ठेवा, पहाटे निघू.