अर्धा दात

मे महिन्यातली गोष्ट. नान्नजच्या एका द्राक्ष बागायतदाराची एटीव्ही माझ्या गॅरेजसमोर टेम्पोतून उतरत होती. महिनाभरातली ही तिसरी खेप, आणि त्या इंजिनची बांधणी माझ्याच हातची होती.

माझं गॅरेज अक्कलकोट रोडला आहे. बहुतेक काम टू-व्हीलरचं. एटीव्ही इकडे क्वचितच दिसते. चार रुंद चाकं, मोटरसायकलसारखं हँडल. या मालकांनी मागे फवारणीचा पंप बसवला होता, द्राक्षाच्या ओळींतून ती सहज जाते म्हणून. जुनी जपानी गाडी, २५० सीसी, एकाच सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन. एअर फिल्टरचा फोम फाटल्यामुळे काळ्या मातीची धूळ आत गेली, रिंगा आणि बोअर खाल्ले गेले, निळा धूर सुटला. मी बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग चेन नवी. पहिल्यांदा चालू केली तेव्हा आवाज इतका स्वच्छ होता की मालक आणि मी दोघंही काही न बोलता नुसते ऐकत उभे होतो.

आठवड्यात पहिली तक्रार आली. "मिस्त्री, सेल्फ मारला की इंजिन उलटा झटका देतंय." मी म्हटलं, नवा बोअर आहे, कॉम्प्रेशन घट्ट आहे, थोडी चालली की बसेल. दुसऱ्या वेळी तक्रार वाढली होती: दहा मिनिटांत इंजिन तापतं, चढाला टणटण वाजतं. प्लग काढला तर आतली चिनीमाती खडूसारखी पांढरी. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, हे मी पहिल्या दिवसापासून शिकलेलो. म्हणून कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबराच्या जोडावर क्लीनर मारून हवा कुठून ओढतेय का ते पाहिलं. कुठेच ओढत नव्हती. तरी मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा घातला. एनजीकेचा डी८ईए प्लग होता, त्या जागी डी९ईए टाकला. त्यांच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो. काही कंपन्यांचं बरोबर उलट असतं, ते बघूनच घ्यावं लागतं. गाडी दोन दिवस बरी चालली. जास्त पेट्रोलने टणटण झाकली गेली होती, एवढंच.

आणि मग ही तिसरी खेप. मालक चिडले नव्हते, त्याचंच मला जास्त लागलं. खरड छाटणी होऊन फुटी वाढत होत्या, फवारणी थांबवून चालणार नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "आज बघाच, मी इथंच बसतो."

प्लग काढून उन्हात धरला. मोठा जेट असूनही चिनीमाती पांढरीच, आणि तिच्यावर मिरीच्या पुडीएवढे बारीक काळे ठिपके. भिंगातून पाहिलं तर त्यात एक-दोन चमकणारे. ती चमक पिस्टनच्या ॲल्युमिनियमची असू शकते. तिथे माझ्या पोटात गोळा आला. इंजिन आतून स्वतःला खात होतं, आणि मी ऊन फार आहे, इंजिन नवीन आहे असं काहीबाही सांगत आलो होतो. सोलापूरच्या मे महिन्यात बेचाळीस अंशाला कुणीही ते कारण मान्य करतं.

कॉम्प्रेशन गेज लावला, ठीक. टॅपेटचा गॅप ठीक. मग टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्क पडला की चमकणारा दिवा. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक; आयडलवर त्याच्यावरची एफची, म्हणजे स्पार्कची खूण खिडकीतल्या रेषेसमोर अगदी दगडासारखी उभी. म्हणजे स्पार्क वेळेवर. राहिली टायमिंग चेन, क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी. वरचं कव्हर उघडलं, टीची खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची, रेषेवर आणली आणि कॅमच्या चाकाकडे पाहिलं. चाकावरची रेघ हेडच्या काठाला समांतर हवी. ती किंचित मागे होती. सापडलं, चेन बसवताना चुकली! मी चेनचा टेन्शनर ढिला केला आणि कॅमचे बोल्ट खोलायला पाना हातात घेतला.

तेवढ्यात शेजारच्या शेडमधले मामा चहा घेऊन आले. ते यंत्रमागावर जॉबर होते, आयुष्यभर माग लावण्यात गेलं. घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी. वाकून चाकाकडे बघत राहिले.

"किती मागं हाय बे ती रेघ?"

"अर्धा दात असेल, मामा."

"अर्धा दात कसा सरकंल? सरकला तर पुरा सरकतो की."

मी थांबलो. मामा सांगत होते, मागालाही इंजिनासारखाच वरचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा खालचा शाफ्ट एकदा; आडवा धागा नेणारा धोटा वेळेवर सुटला नाही तर ते आधी दातऱ्या मोजतात, आणि दातऱ्या बरोबर असतील तर शाफ्टवरची चावी बघतात. "चाक शाफ्टावर फिरलं असंल तर तुझी खूणच खोटी हाय."

पाना खाली ठेवला. चेन नवी होती, ताणलेलीही नव्हती. साखळी एक दात चुकते किंवा दोन. अर्धा चुकूच शकत नाही. आणि टायमिंग लाइट? एफची खूण मॅग्नेटवर, स्पार्कचा इशारा देणारा उंचवटाही मॅग्नेटवरच. मॅग्नेट क्रँकवर सरकलं तर दोन्ही बरोबरच सरकतात, आणि लाइट सगळं ठीक आहे असंच दाखवतो. एक दात पुढे ओढला असता तर आतापर्यंत बरोबर असलेला कॅमही मी चुकवून बसलो असतो.

खात्री करायला पिस्टनची खरी वरची जागा हवी होती. प्लगच्या भोकात काडी घालून दहा अंशांचा फरक समजत नाही. वर पोचताना पिस्टन जेमतेम हलतो. म्हणून जुना प्लग फोडून चिनीमाती काढली, आत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसवला आणि तो हेडमध्ये फिरवून लावला. मग क्रँक हातानेच, अगदी हळू, बोल्टला पिस्टन टेकेपर्यंत एका बाजूला फिरवला आणि मॅग्नेटवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या बाजूने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये पिस्टन सगळ्यात वर असतो. कव्हर उतरवून दोऱ्याने मध्य काढला. टीची खूण त्याच्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर दूर होती. मालक खुर्ची सोडून जवळ आले होते.

पुलर लावला. मॅग्नेट "टक्" करून सुटलं. क्रँकच्या खाचेत चावी होती, करंजीच्या अर्ध्या आकाराची, नखाएवढी. मधोमध तिला पायरी पडली होती: खालचा भाग क्रँकमध्ये, वरचा पुढे ढकललेला. आणि टेपरवर, म्हणजे क्रँकच्या निमुळत्या टोकावर, तेलाचा पातळ थर चकाकत होता.

तो थर माझा होता. मॅग्नेटला धरून ठेवतो तो कोरडा टेपर आणि नटाचा आवळ; चावी फक्त जागा दाखवायला असते. मी बांधणीच्या वेळी टेपर पुसला नव्हता आणि नट टॉर्क रेंच न लावता अंदाजाने आवळला होता. या इंजिनात सेल्फची मोटर मॅग्नेटलाच फिरवते, म्हणजे नव्या घट्ट इंजिनाचा सगळा जोर तिथून जातो. मॅग्नेट पुढे घसरलं, स्पार्क दहाएक अंश लवकर पडू लागला. उलटा झटका, टणटण, ताप, पांढरा प्लग, सगळं तिथूनच. मालकांना ते तिथल्या तिथे सांगितलं, आणि या कामाचे पैसे घेणार नाही हेही.

टेपरला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, चावी न घालता, मॅग्नेट हाताने हलकं घासलं, दोन्हीकडे सारखा करडा रंग येईपर्यंत. पेट्रोलने धुतलं, कोरडं केलं. मापाची नवी चावी, नट टॉर्क रेंचने. ढिला केलेला टेन्शनर परत बसवला आणि चेनचा दात न सरकवता टी रेषेवर आणली: कॅमची रेघ काठाला बरोबर समांतर. मोठा जेट काढून जुना घातला, प्लग परत डी८ईए. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून पाहिलं. पिस्टनच्या कडेला बारीक खरखर होती, भोक नव्हतं. ते नशीब.

संध्याकाळी सेल्फ मारला, पहिल्याच फेऱ्यात उचललं, झटका नाही. मामांनी चहाचा ग्लास खाली न ठेवता मान हलवली.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. पूर्ण बाग फवारून झाली होती, आणि मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी प्लग काढून पाहिला होता. "भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा दिसतोय, मिस्त्री. बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आता रविवारी आणा, पहिलं तेल बदलू."